विहिरीवरचं अर्धं मिनिट

बाबारावांनी व्हीसीआर दिवाणावर ठेवला, कॅसेट टेबलावर ठेवली, कपाळाचा घाम पुसला, सुशीलाबाईंनी दिलेला पाण्याचा पेला एका दमात संपवला आणि निघता निघता, चप्पल पायात सरकवत, ते वाक्य बोलले. बोलले म्हणजे काय, सहज. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. "देवरावजी, एक गंमत सांगतो. याच्यात विहिरीचा सीन आहे ना, थो आमच्या मामाच्या गावचा होय. बाया कशा दोर ओढून राहिल्या पाहजा! जसं काही मनभर वजन हाय. आन् पोहरा रिकामा!" असं म्हणून ते स्वतःच हसले, स्कूटरला दोन लाथा मारल्या आणि रस्त्याला लागले. देवराव दारात उभे. हसण्यासाठी त्यांनी तोंड थोडं उघडलं होतं, ते तसंच राहिलं. स्कूटरचा आवाज वळणावर विरला, प्लांटचा भोंगा झाला, समोरच्या क्वार्टरमधली पोरं स्टंप उपटून घरी गेली, तरी हा माणूस दारातच. आतून सुशीलाबाई म्हणाल्या, "काय झालं जी? कावून उभे तिथं?" "काई नाई," देवराव म्हणाले. काही नाही कसं? पोहरा रिकामा! छत्तीस वर्षांनी, भिलाईत, त्यांच्याच घरचं पाणी पिऊन एका भल्या माणसानं तेच वाक्य हसत हसत त्यांच्या उंबऱ्यात ठेवलं होतं. ते ओलांडून आत यायला त्यांना जरा वेळ लागला.

आता बाबारावांनी कॅसेट देवरावांकडेच का आणली, तर मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की खोट काढावी ती देवराव नगराळ्यांनी. रेल मिलमध्ये इन्स्पेक्टर. तपासणीच्या बिछान्यावर रूळ ओळीनं निजलेले असायचे आणि हा गृहस्थ गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ लोखंडाला लावून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायचा. मग छोटा आरसा खाली सरकवून रुळाचं पोट बघायचा. केसाएवढी चीर असली तरी पिवळ्या खडूनं भोवती गोल. निर्दोष असला तरच हातोडीनं शिक्का, सत्तावीस नंबर. त्या सत्तावीसवरून आगगाड्या धावतात हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दुर्ग स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यांची मान फलाटावरून खाली रुळांकडे वळायची, आणि ती वळलेली मान सुशीलाबाईंना बरोबर कळायची. मंडळाच्या त्रैमासिकात गेल्या चार वर्षांपासून ते नाटकांवर, पुस्तकांवर लिहीत. लिहीत कसले, तपासत. मंडळाला आता दिवाळीच्या कार्यक्रमात एक जुना मराठी सिनेमा दाखवायचा होता आणि ग्रंथालयासाठी त्याची कॅसेट घ्यायची होती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं 'भरली घागर' नव्यानं बाजारात आणला होता. चौपन्न सालचा चित्रपट. खोक्यावर ठसठशीत अक्षरात छापलं होतं, मूळ निगेटिव्ह सापडली, ती धुतली, रेघा काढल्या, गळलेले तुकडे जोडले, पूर्ण लांबी. घ्यावी की नको, ते देवरावांनी पाहून लिहायचं. दोन पानं. एवढंच काम. देवरावांनी खोकं हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. पूर्ण लांबी, हे दोन शब्द त्यांनी बोटानं चाचपले, जसे ते छापलेले नसून कोरलेले असावेत. मग त्यांनी व्हीसीआरवर टॉवेल टाकला. उद्या रविवार. उद्या पाहू.

पण रात्रभर पाहायचं ते त्यांनी पाहिलंच. गाव वर्धा नदीच्या अलीकडचं, चारशे उंबऱ्यांचं. देवराव तेव्हा दहा वर्षांचे. सिनेमाची कंपनी आली, दोन मोटारी, एक ट्रक, छत्र्या, आणि उन्हाला उलटं फेकणारे मोठमोठे चांदीच्या रंगाचे पत्रे. त्यांना विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया पाहिजे होत्या. गावातल्या मोठ्या घरच्या बाया सिनेमात उभ्या राहतात होय? नावच नको. सासऱ्यांनी दारं लावून घेतली. मग कंपनीचा माणूस महारपुऱ्यात आला. इथल्या बाया तयार झाल्या, आणि गाव पेचात पडलं. कारण ज्या विहिरीच्या चौथऱ्यावर या बायांची सावली चालत नव्हती, तीच विहीर सिनेमावाल्यांना पसंत पडली होती. दोन दिवस पाटलाच्या ओसरीवर खल चालला. शेवटी अट निघाली, आणि काय अट! बायांनी चौथऱ्यावर चढावं, चाकावरून दोर ओढावा, सगळं करावं, पण पोहरा पाण्याला लागता कामा नये. दोन हात वर लटकता ठेवायचा आणि तसाच रिकामा ओढायचा. घागरी आधीच नाल्यावरून भरून आणायच्या. सिनेमात काय कळतंय? कंपनीवाल्यांनी मान डोलावली. लक्ष ठेवायला पाटलानं आपला गडी केवलराम विहिरीपाशी उभा केला. पोरांना चिंचेपलीकडे हाकललं. देवरावांनी चिंचेच्या फांदीवरून जे पाहिलं ते एवढंच, बायांच्या पाठी, पत्र्यांचा चकचकाट, आणि फिरणारं चाक. त्यात त्यांची माय, चंपाबाई, हिरव्या लुगड्यात. सिनेमात ते लुगडं राखेच्या रंगाचं दिसणार हे तेव्हा कुणाला ठाऊक?

त्या दिवशी माय घरी आली ती बोललीच नाही. भाकरी थापली, वाढली, भांडी घासली. बाप, धोंडबा, बाजेवर बसून बिडी ओढत होता. मग एकदम ती म्हणाली, "म्या बुडवला." बापाला आधी कळलंच नाही. "काय बुडवलं?" "पोहरा. बाकीच्यायनं रिकामा ओढला. मले रिकामं ओढनं येत नाई. हात खोटं करत नाई माहा. म्या सोडला दोर आनखी दोन हात. बुडवला. भरला. ओढला." धोंडबा ताडकन उठला आणि त्यानं दार लावलं, त्या उकाड्यात. "कोनं पाह्यलं?" "केवलराम होता. पन त्याच्या डोयावर पत्र्याचं ऊन होतं. त्याले काय दिसते?" धोंडबानं तिच्यापुढे हात जोडले. खरंच जोडले. देवरावांनी बापाला आयुष्यात एकदाच बायकोपुढे हात जोडताना पाहिलं, ते तेव्हा. "कोनाले सांगू नको चंपा. घरं जायतीन आपले." दुसऱ्या दिवशी पाटलानं सगळ्या बायांना बोलावून विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, रिकामा होता मालक. केवलरामनंही सांगितलं, रिकामा होता. मायनं मान खाली घातली आणि काही सांगितलं नाही. तिची मान खाली गेलेली तेवढीच. दोन वर्षांनी सारा महारपुरा नागपूरला जाऊन बौद्ध झाला, गावकीच्या कामांकडे पाठ फिरली, आणि मग मायनं ती गोष्ट उघड सांगायला सुरुवात केली. पण आता ऐकणारे कोण? तिच्यासोबत दोर ओढणाऱ्या बायाच म्हणायच्या, "चंपे, कायले फेकतं वो? आमी होतो ना तिथं." त्यांनी भीतीनं जे म्हटलं होतं, ते म्हणता म्हणता त्यांना खरं वाटू लागलं होतं. माणसाचं असं होतं.

आणि देवरावांचं काय? इथं आलं की ते कुशीवर वळत. अडुसष्ट साल. चोवीस वर्षांचा देवराव नुकताच इन्स्पेक्टर झालेला, खिशाला पेन, चालीत ताठा. दुर्गच्या टॉकीजला सकाळच्या खेळाला 'भरली घागर' लागला. मायला सायकलवर मागे बसवून हा घेऊन गेला. सिनेमा काय तो! पडद्यावर उभ्या रेघांचा मारा चालला होता. माणसांची तोंडं सोललेली, मध्येच पट्टी तुटायची, लोक शिट्या मारायचे, परत सुरू व्हायचं तेव्हा नायिका दुसऱ्याच खोलीत रडत असायची. तिची तब्येत त्या एका खेळात चार वेळा सुधारली आणि पाच वेळा बिघडली. मग विहीर आली. मायनं देवरावांचं मनगट धरलं. "पाह्य, पाह्य! थेंब पाह्य पोहऱ्याचे!" देवरावांनी डोळे फाडले. नुसत्या रेघा. पोहऱ्यावरून पाणी गळतंय की पट्टीवर ओरखडे आहेत, देव जाणे. खट्कन तुटलं. परत सुरू झालं तेव्हा लग्न लागत होतं. परतताना, रेल्वे फाटक बंद होतं म्हणून उतरून उभे होते, तेव्हा मायनं विचारलं, "दिसलं?" आता एखाद्यानं हो म्हटलं असतं. काय गेलं असतं? पण नवा इन्स्पेक्टर! तो म्हणाला, "मा, रेघाच दिसल्या. पाह्यल्याशिवाय मी शिक्का मारत नाई." मायनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. जरा हसलीसुद्धा. "तं मंग पाहशीन कधी," ती म्हणाली. फाटक उघडलं. त्यानंतर तेरा वर्षं ती याच घरात राहिली, नात विजयाला खेळवलं, अंगणात मिरच्या लावल्या, एक्याऐंशीच्या थंडीत गेली. पण पोहऱ्याचा विषय तिनं देवरावांपाशी पुन्हा काढला नाही. एकदाही नाही. तिला वाईट वाटलं असं ती कधी म्हणाली असती तर देवरावांना सोपं गेलं असतं. ती म्हणालीच नाही, आणि देवरावांना ते शिक्क्याचं वाक्य तेव्हापासून आपल्याच तोंडातून परत परत ऐकू येत होतं.

रविवारी जेवणं झाली. सुशीलाबाई मेथी निवडायला बसल्या. विजया, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मशीन लावायला पुढे झाली, कारण घरात तारा जोडायचं तिलाच कळायचं. "पापा, ब्लॅक अँड व्हाइट? पूरी पिक्चर?" "पूरी," देवराव म्हणाले. कागद, पेन, चष्मा. सिनेमा सुरू झाला आणि देवरावांचा इन्स्पेक्टर लगेच जागा झाला. चित्र स्वच्छ! काय स्वच्छ! नायिकेच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येत होते. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं, मधले राखाडी थर सगळे जागेवर. रेघ नावाला नाही. आवाज मात्र डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, गाणी जरा वरच्या पट्टीत सरकलेली, म्हणजे कुठेतरी वेग चुकला होता. त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या भागात वाड्याचा चंद्र रंगवलेला आहे हे इतक्या स्वच्छ प्रतीत लपत नाही, तेही लिहिलं. नव्या जोडलेल्या तुकड्यांच्या जागी उजेड एकदम बदलतो, डोळ्याला खुपतो, लिहिलं. नायिका रडते फार. खरं तर नायिकेची सासू ही त्या सिनेमातली एकमेव जिवंत बाई, तिच्या एका खाकरण्यात जे होतं ते नायिकेच्या अर्ध्या तासाच्या रडण्यात नव्हतं, आणि हे अडुसष्टमध्ये कळलं नव्हतं कारण तेव्हा सासूचं तोंडच दिसलं नव्हतं. लिहिलं. पेन चालत होतं, पण छाती निराळंच काही करत होती. तिला सासूशी घेणंदेणं नव्हतं. ती विहिरीची वाट बघत होती. "गोष्ट बरी हाय," सुशीलाबाई मेथीची जुडी संपवत म्हणाल्या. "बाईले उगीच छळून राहिले पन." सुशीलाबाईंना विहिरीचं ठाऊक होतं. सासूनं सांगितलेलं. त्यांनी तोंडानं विषय काढला नाही, पण मेथीचं ताट हळूच बाजूला सरकवलं.

आणि विहीर आली. चौथरा, चाक, पांढरं ऊन. तीन बाया. नायिका डावीकडून घागर घेऊन येते आहे. देवरावांनी तिसऱ्या बाईकडे पाहिलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर होती ती! विजयापेक्षा थोडी मोठी. हे कधी मनातच आलं नव्हतं. गेली कितीतरी वर्षं ते म्हाताऱ्या मायलाच त्या विहिरीवर उभी करत होते. ही तर ताठ मानेची, भरल्या दंडाची तरणी बाई, कपाळावर घामानं चिकटलेले केस. तिनं दोर ओढला, पोहरा वर आला, चौथऱ्यावर ठेवला. नायिका खांबाला टेकून रडायला लागली. संपलं. अर्धं मिनिट. देवराव बघतच राहिले. थेंब नव्हते. पोहऱ्यावरून एक थेंब गळताना दिसला नव्हता. "मागे घे," ते म्हणाले. विजयानं मागे घेतलं. परत पाहिलं. थेंब नव्हते. "थांबव तिथं." चित्र थांबवलं तर मधोमध पांढरा पट्टा थरथरू लागला आणि पोहराच त्याच्याखाली गेला. "पापा, पॉज में ऐसाच आता है." देवरावांनी चष्मा काढून पुसला. दोन शक्यता होत्या. धुणाऱ्यांनी रेघांसोबत थेंबही धुऊन टाकले, कारण यंत्राला ओरखडा आणि थेंब यांतला फरक काय कळतो. किंवा, दुसरी शक्यता. दुसरी शक्यता त्यांनी मनात पूर्ण उच्चारली नाही. पण बाबाराव ती हसत हसत उच्चारून गेलेच होते. एकदम त्यांना वाटलं, पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं. रेघाच बऱ्या होत्या. रेघांमध्ये माय खरीही असू शकत होती.

"बाबा," विजया म्हणाली. ती नेहमी पापा म्हणायची, घाबरली की बाबा. "कौन है ये?" सुशीलाबाईच म्हणाल्या, "आजी होय तुही. चंपा आजी." विजया पडद्याकडे बघत राहिली. तिला आठवत होती ती बिनदातांची, मिरच्यांना पाणी घालणारी आजी. "हे? इतकी सुंदर?" आणि मग, कुणी न सांगता, तिनं टेप पुन्हा मागे नेली. देवराव खुर्चीवरून उठले, टीव्हीपुढे गुडघे टेकले आणि सवयीनं, अगदी सवयीनं, गाल खाली नेऊन तिरके बघू लागले. रुळाकडे समोरून बघणारा काय बघतो? काहीच नाही. उजेड आडवा यावा लागतो. पहिली बाई ओढते. तिचा दोर बघ. सैल, हेलकावे खातो, पोहरा विहिरीच्या भिंतीला आपटून गिरकी घेतो. हाताखाली हात, कसे भराभर! दुसरी बाई, तेच. आता माय. दोर सरळ. ओळंब्यासारखा सरळ, जरा म्हणून हलत नाही. टाच चौथऱ्याच्या दगडाला रोवलेली. एक हात ओढतो, मग क्षणभर थांबतो, दुसरा पुढे जाऊन घट्ट धरतो, मग पहिला सुटतो. हे वजन आहे! देवरावांनी उभ्या आयुष्यात वजन ओढणारी माणसं पाहिली होती, साखळीवर, क्रेनखाली. वजन नसताना अंग असं करत नाही. पण लगेच दुसरा देवराव आतून बोलला, हा पुरावा नाही. वजनाचं सोंग आणता येतं. मंडळाच्या नाटकात रिकामी ट्रंक उचलताना वाघमारे कण्हत नाही का? शिक्का मारायचा तर खूण पाहिजे. चीर असो की नसो, दिसली पाहिजे. ते तसेच गुडघ्यावर राहिले. "आनखी एकदा," ते म्हणाले. मग आणखी एकदा. पाचव्यांदा की सहाव्यांदा, कुणी मोजलं, त्यांनी मायकडे बघायचं सोडलं. पोहऱ्याकडे बघायचंही सोडलं. पोहरा जिथे ठेवला होता त्या दगडाकडे ते बघू लागले.

नायिका खांबाला टेकली. सगळं जग तिच्याकडे बघणार, कॅमेराही तिच्यासाठीच लावलेला. तिचं रडणं सुरू झालं आणि खाली उजव्या कोपऱ्यात मायनं वाकून पोहरा उचलला, घागरीत पालथा करायला चौकटीबाहेर नेला. माय गेली. दगड उरला. उन्हात पांढराफटक पडलेला तो दगड, आणि त्यावर पोहऱ्याच्या बुडाएवढं एक काळं कडं. गोल. एका बाजूनं पाण्याचा ओघळ निघून दगडाच्या कडेला गेलेला. "थांब!" देवराव ओरडले. मग म्हणाले, "नाई, नाई, थांबवू नको, चालू दे, मागे घे आन् चालू दे." आधीच्या दोघींनीही आपापले पोहरे त्याच चौथऱ्यावर ठेवून उचलले होते. त्यांच्या जागी? विजयानं मागे नेलं. त्यांच्या जागी दगड कोरडा. कोरडा ठणठणीत! आणि मायच्या जागी ओलं कडं. त्या उन्हात ते पाच मिनिटांत वाळलं असणार. वाळलं म्हणूनच डोळ्यांची उघडझाप करत केवलराम चौथऱ्यावर चढला तेव्हा त्याला काही दिसलं नसणार. पण त्या पाच मिनिटांतलं अर्धं मिनिट त्या पट्टीनं धरून ठेवलं होतं, कुठल्याशा गोदामात, छत्तीस वर्षं, धुळीखाली. कुणी धुतलं म्हणून दिसलं. देवरावांनी काचेवर बोट टेकवलं आणि त्या कड्याभोवती बोट फिरवलं. आजवर खडूनं किती गोल काढले असतील, सगळे खोटेभोवती. "बुडवला," ते म्हणाले. "बुडवला वो मायनं. भरला होता पोहरा." सुशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून म्हणाल्या, "मले तं पयलेच माहीत होतं. म्या कधी नाई म्हनलं?" विजया हसली, रडली, आणि तिनं टेप पुन्हा मागे नेली. त्या दुपारी नगराळ्यांच्या घरात चंपाबाईंनी तो पोहरा किती वेळा भरून वर काढला, सांगता सोय नाही. आणि प्रत्येक वेळी देवरावांचा ऊर असा भरून यायचा की बसवेना. ते उठून अंगणात गेले, मिरच्यांच्या वाफ्यापाशी उभे राहिले. ताठ उभे राहिले. पूर्वी फलाटावर खाली वळणारी मान आज वर होती. चिमणीचा धूर सरळ वर जात होता. माझी माय, त्यांना वाटलं, अख्ख्या गावाची अट मोडून, भर उन्हात, कॅमेऱ्यासमोर! आणि मोडून वर म्हणाली काय, तर मला रिकामं ओढता येत नाही. खोटा रूळ पास न करणारा हा सत्तावीस नंबर कुणाचा, ते त्यांना आज कळलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते कसब आपण प्लांटमध्ये शिकलो.

मंगळवारी संध्याकाळी बाबाराव आले. व्हीसीआर न्यायचा होता, लेखही. देवरावांनी दोन कागद पुढे केले. बाबाराव उभ्याउभ्याच वाचू लागले. वाचताना ओठ हलवायची सवय त्यांना. चित्राबद्दल, आवाजाबद्दल, रंगवलेल्या चंद्राबद्दल वाचून ते हसले. सासूबद्दल वाचून "वा, बरोबर!" म्हणाले. "कॅसेट घ्यावी. दोन घ्याव्या, एक झिजेल," इथंही हसले. मग शेवटचा परिच्छेद आला आणि ओठ थांबले. तिथं लिहिलं होतं, 'विहिरीच्या प्रसंगात तिसरी स्त्री ओढते तो पोहरा पाण्याने भरलेला आहे. तो उचलल्यावर दगडावर ओले कडे दिसते, ते वाचकांनी उजव्या कोपऱ्यात पाहावे. इतर दोन पोहरे रिकामे आहेत. सदर विहिरीला त्या काळी या स्त्रियांना हात लावू दिला जात नसे आणि पोहरा पाण्याला न लावण्याची अट होती. नामावलीत या स्त्रीचे नाव नाही. ते चंपाबाई धोंडबा नगराळे असे आहे.'

बाबारावांनी वर पाहिलं. "नगराळे?" ते म्हणाले. "माही माय होय," देवराव म्हणाले. बाबाराव खाली बसले. शनिवारचं आपलं वाक्य त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. बराच वेळ ते त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "देवरावजी, मामा अजून आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षाचे. अट त्याहीनंच घातली होती, थेच पाटील. आपलं त्रैमासिक मी त्याहीले दर वेळी पाठवतो. वाचून दाखवा लागते. हे... हे तेवढं गाळू का? म्हाताऱ्या मानसाले..." ते थांबले. देवरावांना राग आला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. हा माणूस भला होता. भली माणसंच गाळायला सांगतात. "बाबारावजी," ते म्हणाले, "गाळून गाळूनच तं थे अडुसष्टले मले दिसलं नाई. गाळू नका. वाचून दाखवा. आन् त्रैमासिकासंग कॅसेटबी पाठवा, दोन घेऊन राहिलो ना आपन. म्हना, विहीर बाटली नाई, छत्तीस वर्षं तुमी थेच पानी पेले, काई झालं का?" मग कागदाच्या अगदी खाली, सहीच्या जागी बाबारावांचं लक्ष गेलं. तिथं सही नव्हती. "पाहिलं. पास." असं लिहून खाली नुसता आकडा होता, आणि भोवती पेनानं नीट काढलेला गोल. "हे काय जी? सत्तावीस?"

"माहा शिक्का होय," देवराव म्हणाले. "माय म्हनली होती, पाहशीन कधी. मले द्यायले उशीर झाला."

बाबारावांनी कागदांची घडी घातली, पुन्हा उलगडली, परत नीट घातली आणि छातीच्या खिशात ठेवली. उठले नाहीत. "पानी भेटन का थोडं?" त्यांनी विचारलं. विजया आत जाऊ लागली, पण देवरावांनी तिला हातानं थांबवलं. ते स्वतः गेले, माठातून पेला काठोकाठ भरला आणि बाबारावांपुढे धरला.